द्राक्षबागेतील पाहुणचार आणि वाईनची परदेशात विक्री

महाराष्ट्रातील द्राक्ष बागायतदारांना निर्यात नवीन नाही. १९९१ साली महाग्रेप्सची स्थापना झाली, तेव्हापासून नाशिक, सांगली, सोलापूर व पुणे जिल्ह्यांतील थॉमसन सीडलेस युरोपच्या दुकानांत नियमित जाऊ लागली. आता याच भागात आणखी एक वाट दिसू लागली आहे. वाईनच्या जातींची लागवड करावयाची, बागेतच वाईन तयार करावयाची, पाहुण्यांच्या मुक्कामासाठी रिसॉर्ट बांधावयाचे आणि आपल्या नावाची बाटली परदेशात पाठवावयाची, असा विचार अनेक जाणकार बागायतदार बोलून दाखवितात.

विचार चांगला आहे, परंतु हा एक धंदा नसून चार धंदे आहेत. पहिला द्राक्षाचा, दुसरा वाईन निर्मितीचा, तिसरा पाहुणचाराचा आणि चौथा परदेशी व्यापाराचा. प्रत्येकाला वेगळे भांडवल, वेगळे परवाने आणि वेगळे ज्ञान लागते. हे धंदे पायऱ्यांप्रमाणे एकावर एक उभे असतात. खालची पायरी पक्की नसता वरची बांधली तर कर्ज मात्र सगळ्या पायऱ्यांचे फेडावे लागते. म्हणून या लेखात प्रत्येक पायरीची माहिती क्रमाने दिली आहे. आपण कोठे थांबावे, हे बागायतदारांनी ती वाचून ठरवावे.

वाटचाल : एक यशाचा व एक सावधगिरीचा धडा

वाईनबागेत पाहुण्यांना बोलावण्याची पद्धत इतर देशांत जुनी आहे. जर्मनीत १९३५ साली द्राक्षबागांमधून जाणारा ‘वाईन मार्ग’ आखण्यात आला. दक्षिण आफ्रिकेतील स्टेलेनबॉश येथे १९७१ साली काही बागायतदारांनी एकत्र येऊन असाच मार्ग सुरू केला. एकट्याच्या बागेसाठी शंभर मैल कोणी येत नाही, पण जवळजवळच्या दहा बागा मिळून दोन दिवसांची सहल होते, हे त्यांनी ओळखले.

आपल्याकडे नाशिकचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. राजीव सामंत यांनी कौटुंबिक जमिनीवर १९९७ साली सॉव्हिन्यों ब्लाँ व शेनिन ब्लाँ या जातींची लागवड केली. सुला या नावाने त्यांची पहिली वाईन २००० साली बाजारात आली. बागेत येणाऱ्यांसाठी टेस्टिंग रूम २००५ साली उघडली, संगीत महोत्सव २००८ साली सुरू झाला आणि मुक्कामाचे रिसॉर्ट २०१० साली उभे राहिले. या तारखांतील अंतर ध्यानात घ्यावे. पहिली वेल लावल्यापासून टेस्टिंग रूमपर्यंत आठ वर्षे आणि रिसॉर्टपर्यंत तेरा वर्षे गेली. आज दिसणारी गर्दी ही त्या तेरा वर्षांनंतरची आहे.

राज्य शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाईन पार्क उभारण्यात आले. त्यानंतरच्या काही वर्षांत वाईनरींची संख्या झपाट्याने वाढली आणि तिच्या मागोमाग वाईनच्या जातींखालील क्षेत्रही वाढले. मग २००८ साल उजाडले. त्या वर्षीच्या जागतिक मंदीचा आणि नोव्हेंबरात मुंबईवर झालेल्या दहशतवादी हल्ल्याचा फटका हॉटेल व पर्यटन व्यवसायास बसला. वाईनचा उठाव घटला व आधीच्या हंगामाचा माल टाक्यांत पडून राहिला. कित्येक वाईनरींनी खरेदी कमी केली, काहींची देणी थकली. पुढील दोन-तीन वर्षांत अनेक बागायतदारांना उभ्या बागा काढाव्या लागल्या किंवा खुंटावर खाण्याच्या जातीचे कलम भरावे लागले.

असे का झाले? खाण्याच्या द्राक्षाला व्यापारी न मिळाल्यास बेदाणा करता येतो. वाईनच्या जातीचा मणी लहान, बियांचा व जाड सालीचा असतो. तो बाजार समितीत विकला जात नाही आणि त्याचा चांगला बेदाणाही होत नाही. त्याला एकच गिऱ्हाईक असते, ते म्हणजे वाईनरी. बाग पंधरा ते वीस वर्षे उभी राहते, पण खरेदीचा करार त्याहून फार थोड्या वर्षांचा असतो. या व्यवसायातील सर्वांत मोठी जोखीम हीच आहे आणि पुढील सर्व शिफारशी ती कमी करण्यासाठी आहेत.

पायरी पहिली : बाग

पाहुणा बाग पाहण्यास येतो आणि परदेशातील आयातदार वाईन चाखतो. दोघांचेही समाधान शेवटी मण्यातील रसावर अवलंबून असते. नाशिक परिसराची समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंची, हिवाळ्यातील थंड रात्री आणि निचऱ्याची मुरमाड जमीन या गोष्टी वाईनला मानवतात. भारी काळ्या जमिनीत वेलीची वाढ जोमदार होते, सावली वाढते व रसाची प्रत उतरते. म्हणून वाईनसाठी हलकी ते मध्यम जमीनच निवडावी.

जाती : पांढऱ्या वाईनसाठी शेनिन ब्लाँ व सॉव्हिन्यों ब्लाँ, तर लाल वाईनसाठी शिराझ व कॅबर्ने सॉव्हिन्यों या जाती आपल्याकडे स्थिरावल्या आहेत. झिनफँडेल, मर्लो व व्हियोनिए यांचीही लागवड आढळते. लागवड डॉगरिज किंवा ११० आर या खुंटावर करावी. जमिनीचा व पाण्याचा क्षार तपासूनच खुंट ठरवावा. या बाबतीत पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला उपयोगी पडतो.

छाटणी : खाण्याच्या द्राक्षाप्रमाणेच एप्रिलमध्ये खरड छाटणी व सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी करावी. वेलीस दोन ओलांडे ठेवून काड्या तारांमध्ये सरळ उभ्या वळवाव्यात. त्यामुळे घडांच्या पट्ट्यात हवा व प्रकाश खेळतो, भुरी व केवडा कमी होतो आणि पाहण्यासही बाग नीटनेटकी दिसते. मण्याचा आकार वाढविण्यासाठी जिबरेलिक आम्लाच्या बुडवण्या येथे करावयाच्या नसतात. मणी जितका लहान तितके सालीचे प्रमाण जास्त, आणि लाल वाईनचा रंग व स्वाद सालीतच असतो.

उत्पादन : येथे खाण्याच्या द्राक्षातील सवय सोडावी लागते. एकरी सात-आठ टन माल घेतल्यास साधी वाईन होते. नाव कमवावयाचे असेल तर घडांची विरळणी करून एकरी तीन ते चार टनांवर थांबावे.

काढणी : केवळ गोडी पाहून काढणी करू नये. रिफ्रॅक्टोमीटरबरोबर रसाचा सामू व आम्लताही तपासावी. साधारण निकष पुढीलप्रमाणे आहेत.

तक्ता १ : काढणीचे साधारण निकष

| बाब | पांढरी वाईन | लाल वाईन |
|---|---|---|
| गोडी (अंश ब्रिक्स) | २१ ते २३ | २३ ते २५ |
| सामू | ३.१ ते ३.४ | ३.४ ते ३.६ |
| आम्लता (ग्रॅम प्रति लिटर) | ६ ते ८ | ५ ते ७ |

फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन तापू लागले की गोडी वेगाने चढते व आम्लता तितक्याच वेगाने उतरते. म्हणून त्या दिवसांत रोज नमुने घ्यावेत. तोडणी पहाटे करावी. माल उथळ क्रेटमध्ये भरून ऊन चढण्यापूर्वी वाईनरीत पोहोचवावा. फुटलेल्या व तापलेल्या मण्यांतील रस वाटेतच आंबू लागतो व त्याचा दोष बाटलीपर्यंत जातो.

फवारणी : २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराईड, म्हणजे आपण ज्याला लिहोसिन म्हणतो त्याच्या अंशामुळे आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडले होते, हे बागायतदार विसरलेले नाहीत. ज्या औषधासाठी युरोपीय संघाने वेगळी मर्यादा ठरविलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम एवढीच मुभा आहे. वाईनसाठीही शिफारस केलेलीच औषधे वापरावीत, काढणीपूर्व प्रतीक्षा काळ पाळावा आणि फवारणीची नोंदवही तारखेनिशी ठेवावी.

लावण्यापूर्वी करार

स्वतःची वाईनरी नसेल तर रोपे खरेदी करण्याआधी लेखी करार करावा. केवळ तोंडी आश्वासनावर एकही ओळ लावू नये. करारात पुढील मुद्दे असावेत.

१) जात, क्षेत्र, गट क्रमांक व कराराची मुदत.
२) गोडी, सामू व आम्लतेप्रमाणे दर. नमुना कोण, कोठे व कोणासमक्ष तपासणार.
३) तोडणीची तारीख कोण ठरविणार व वाहतूक खर्च कोणाकडे.
४) पैसे किती दिवसांत मिळणार व उशीर झाल्यास व्याज.
५) ठरलेल्या दिवशी वाईनरीने माल न उचलल्यास भरपाई किती.

याशिवाय त्या वाईनरीच्या टाक्यांची एकूण क्षमता व तिने किती एकरांचे करार केले आहेत, याची विचारणा करावी. टाक्यांपेक्षा करार जास्त असतील तर अडचणीच्या वर्षी कोणाचा तरी माल बाहेर राहणार, हे उघड आहे.

पायरी दुसरी : बाटलीचा हिशेब

उदाहरणादाखल एक एकर बाग घेऊ. उत्पादन चार टन धरू. एका टनातून साधारण ६५० लिटर वाईन मिळते. म्हणजे एकरी २,६०० लिटर, अर्थात ७५० मिलिलिटरच्या सुमारे ३,४०० बाटल्या होतात. एका बाटलीस साधारण सव्वा किलोपर्यंत द्राक्षे लागतात.

आता विक्री पाहू. समजा बागेत शनिवार-रविवारी मिळून तीस पाहुणे येतात व प्रत्येक जण दोन बाटल्या विकत घेतो. आठवड्यास ६० बाटल्या, तर ५० आठवड्यांत ३,००० बाटल्या होतात. एका एकराची जवळजवळ सर्व वाईन बांधावरच विकली जाते. तिला घाऊक विक्रेत्याचा नफा द्यावा लागत नाही, शहरातील दुकानात फळीवर जागा मागावी लागत नाही आणि पैसे रोख मिळतात.

निर्यातीचा हिशेब याच मापाने मांडू. वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण दहा ते बारा हजार बाटल्या मावतात. म्हणजे एक कंटेनर भरण्यास तीन ते साडेतीन एकरांची संपूर्ण वाईन लागते. ती एकाच आयातदाराकडे जाते, पैसे काही महिन्यांनी येतात आणि परदेशातील दुकानातील किमतीतून दुकानदाराचा नफा, आयातदाराचा नफा, तेथील कर, जहाजभाडे व विमा वजा होऊन उरलेली रक्कम आपल्या हाती पडते. यावरून लहान उत्पादकाने क्रम काय ठेवावा हे स्पष्ट होते. घर चालते ते बागेतील विक्रीवर, तर परदेशातील विक्रीने नाव होते. ते नावही अखेर बागेतील पाहुणे वाढविण्यासच उपयोगी पडते.

घरच्या बाजाराकडे दुर्लक्ष न करण्याचे आणखी एक कारण आहे. विदेशी वाईनवर भारतात १५० टक्के आयात शुल्क असल्याने देशी वाईनला मोठे संरक्षण मिळत आले. ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार डिसेंबर २०२२ मध्ये अमलात आला. त्यानुसार बाटलीमागे ५ अमेरिकी डॉलरहून अधिक किमतीच्या ऑस्ट्रेलियन वाईनवरील शुल्क १०० टक्क्यांवर आले व दहा वर्षांत ते ५० टक्क्यांपर्यंत उतरणार आहे. १५ डॉलरहून महाग वाईनवरील शुल्क ७५ टक्क्यांवर आले असून ते २५ टक्क्यांपर्यंत खाली येईल. म्हणजे परदेशी स्पर्धक आता आपल्या दारात येणार आहे. त्याच्याकडे स्वस्त व उत्तम वाईन असेल, पण इगतपुरी-दिंडोरीची बाग मात्र नसेल. पाहुण्याला बाग दाखविणे हे आपले एक शस्त्र आहे.

पायरी तिसरी : पाहुणचार

प्रथम टेस्टिंग रूम, मग जेवण आणि सर्वांत शेवटी मुक्काम, हा क्रम ठेवावा. एका स्वच्छ, थंड व उजेडाच्या खोलीत चार-पाच वाईन चाखण्यास देणे, बाग हिंडवून दाखविणे व विक्रीचा काउंटर ठेवणे, एवढ्यावर सुरुवात करता येते. दोन हंगाम पाहुण्यांची नोंद ठेवावी. लोक कोठून येतात, किती वेळ थांबतात, मुक्कामाची चौकशी किती जण करतात, हे लिहून ठेवावे. नोंदवहीतील आकडे खोल्यांची गरज दाखवीत असतील, तरच बांधकाम हाती घ्यावे.

मोठेपणा म्हणजे मोठी इमारत नव्हे. इगतपुरी तालुक्यात कवनई भागात मुकणे जलाशयाच्या काठी असलेल्या व्हॅलोनसारख्या लहान वाईनरीने मोजक्या खोल्यांवर पाहुणचार चालविला आहे. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ मोटेवाडी येथील फ्रातेल्ली ही वाईनरी मुंबईपासून बरीच दूर असूनही पाहुणे तेथे जातात. ऐषारामी मुक्कामासाठी पाहुणा जास्त पैसे मोजतो, तो शांतता, स्वच्छता, खिडकीतून दिसणारी बाग आणि ज्याने ती वाढविली त्याच्याशी होणारे बोलणे यासाठी. हे चार किंवा सहा खोल्यांतही देता येते.

जागा : उत्तम द्राक्षाची जमीन इमारतीखाली घालू नये. खडकाळ, उंचवट्याची जागा बांधकामास घ्यावी. खोल्या व बाग यांत झाडांचा दाट पट्टा ठेवावा. बांधकामासाठी अकृषिक परवानगी, ग्रामपंचायतीची संमती, वाईन निर्मिती व विक्रीसाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचे परवाने आणि खाद्यपदार्थांसाठी अन्न सुरक्षा परवाना लागतो. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली जाहीर झाले आहे. त्याखाली नोंदणी होत असल्यास पर्यटन संचालनालयाकडे चौकशी करावी. सर्व परवाने हाती आल्याशिवाय कर्जाचा पहिला हप्ता उचलू नये.

पाणी : एका पाहुण्यामागे दिवसाला साधारण २०० लिटर पाणी धरावे. एक लिटर वाईन तयार करताना टाक्या व यंत्रे धुण्यास दोन ते पाच लिटर पाणी लागते. मार्च ते मे हे तीन महिने पाहुणेही येतात व विहिरीही खाली जातात. त्या दिवसांतील पाण्यावरच खोल्यांची संख्या ठरवावी. वाईनरीच्या सांडपाण्यात साखर व आम्ल असते. ते तसेच ओढ्यात सोडल्यास पाण्यातील प्राणवायू संपून मासे मरतात व दुर्गंधी सुटते. शुद्धीकरणाची सोय आराखड्यातच धरावी. चोथा व गाळ यांचे कंपोस्ट करून बागेस द्यावे.

सुरक्षितता : पाहुण्यांच्या वेळेत फवारणी करू नये. फवारलेल्या भागात लाल फडके लावून प्रवेश बंद ठेवावा. दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. एक लिटर रस आंबताना सुमारे ४० ते ५० लिटर कार्बन डायऑक्साईड वायू निघतो. तो हवेपेक्षा जड असल्याने टाकीत व तळघरात साचतो व माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो. आंबवणीच्या दिवसांत तळघरात हवा खेळती ठेवावी, वायुमापक बसवावा आणि टाकीत एकट्याने कधीही उतरू नये. पाहुण्यांना या भागात काचेआडूनच दाखवावे.

गाव : आपल्याकडे मद्याविषयी समाजाच्या भावना तीव्र आहेत आणि नाशिक हे तीर्थक्षेत्र आहे. आवाज, उशिरापर्यंत चालणारा कार्यक्रम व रस्त्यावरील धिंगाणा यांनी गावाचे मन दुखावले, तर कागदावरील सर्व परवाने असूनही धंदा चालत नाही. २१ वर्षांखालील व्यक्तीस वाईन देऊ नये. चाखणीचे माप लहान ठेवावे व सोबत खाणे द्यावे. पाहुण्यांना परत नेण्यासाठी चालकाची सोय करावी. गावातील मुलामुलींना कामावर घ्यावे, भाजी, दूध, पापड, हुरडा गावातूनच विकत घ्यावा. रिसॉर्ट गावाला आपले वाटले पाहिजे.

हंगाम : जानेवारी ते मार्च हा तोडणीचा काळ पाहुण्यांना सर्वांत आवडतो. द्राक्षे तोडणे, पायांनी तुडविणे, नव्या रसाची चव घेणे असे कार्यक्रम ठेवता येतात. पावसाळ्यात बाग हिरवी असते, घाटात धबधबे असतात आणि गर्दी होते, पण वेलीवर घड नसतात. त्या काळात जेवण व चाखणी यांवर भर द्यावा. मुंबई व पुणे दोन्ही नाशिकपासून एका दिवसाच्या सहलीच्या टप्प्यात आहेत. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्याने मुंबईकडून येणाऱ्यांची सोय वाढली आहे.

पायरी चौथी : परदेशात विक्री

कोणती वाईन पाठवावी? फ्रान्स, इटली, चिली यांच्याशी साध्या लाल वाईनच्या किमतीत आपण टिकत नाही. ज्यात आपले वेगळेपण आहे ती वाईन पुढे करावी. शेनिन व सॉव्हिन्योंची थंड, किंचित आंबूस वाईन मसालेदार जेवणाबरोबर चांगली लागते. म्हणून परदेशातील भारतीय उपाहारगृहे हे पहिले दार मानावे. मात्र तेथेच थांबू नये. ब्रिटनमधील मार्क्स अँड स्पेन्सर या दुकानसाखळीने ‘ज्वेल ऑफ नासिक’ या नावाने आपल्याकडील वाईन विकली होती. गावाचे नाव लेबलवर अभिमानाने घालता येते, हा त्यातील बोध आहे. ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. पात्र उत्पादकांनी त्याचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नाव नोंदवावे. ‘शॅम्पेन’ हे नाव मात्र फ्रान्समधील त्या प्रदेशाचेच आहे. आपल्या फसफसणाऱ्या वाईनवर ते घालू नये.

आयातदार : परदेशात वाईन थेट ग्राहकास विकता येत नाही, परवानाधारक आयातदार लागतो. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे प्रोवाईन व लंडन येथे लंडन वाईन फेअर ही प्रदर्शने भरतात. एकट्याने गाळा घेण्यापेक्षा पाच-सहा वाईनरींनी मिळून घ्यावा. आयातदार दोन प्रश्न विचारतो : हाच नमुना कंटेनरमध्ये येईल का, आणि पुढील तीन वर्षे येईल का. म्हणून नमुन्याची बाटली विक्रीच्या लॉटमधूनच काढावी व लॉट क्रमांक नोंदवावा. नमुन्यासाठी खास वाईन बनविणे म्हणजे दुसरी मागणी गमावणे होय.

कागदपत्रे : आयात-निर्यात कोड, अपेडाकडील नोंदणी व उत्पादन शुल्क विभागाचा निर्यात परवाना आवश्यक आहे. युरोपीय संघासाठी मान्य प्रयोगशाळेच्या तपासणीसह व्हीआय-१ हे प्रमाणपत्र लागते. ब्रिटनने स्वतःपुरती ही अट २०२२ पासून रद्द केली. अमेरिकेत लेबलला तेथील मद्य व तंबाखू विभागाची आधी मंजुरी घ्यावी लागते.

तक्ता २ : युरोपीय संघातील काही मर्यादा

| बाब | मर्यादा |
|---|---|
| एकूण सल्फर डायऑक्साईड, कोरडी लाल | १५० मिलिग्रॅम प्रति लिटर |
| एकूण सल्फर डायऑक्साईड, कोरडी पांढरी | २०० मिलिग्रॅम प्रति लिटर |
| बाष्पशील आम्लता, लाल | १.२० ग्रॅम प्रति लिटर |
| बाष्पशील आम्लता, पांढरी | १.०८ ग्रॅम प्रति लिटर |
| लेबलवरील जातीचे किमान प्रमाण | ८५ टक्के |

सल्फाईट लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असल्यास तसे लेबलवर लिहावे लागते. डिसेंबर २०२३ पासून घटक व पोषणमूल्यांची माहिती देणेही युरोपात सक्तीचे झाले असून ती क्यूआर कोडद्वारे देता येते. ब्रिटनमध्ये ऑगस्ट २०२३ पासून मद्यार्काच्या प्रमाणानुसार कर आकारला जातो. आपल्या उन्हात गोडी जास्त चढू दिली तर मद्यार्क वाढतो व त्याबरोबर करही वाढतो. काढणीची तारीख चार दिवसांनी चुकली तर त्याचा परिणाम लंडनच्या किमतीवर असा होतो.

वाहतूक : बंद कंटेनर बंदरावर उन्हात उभा राहिला तर आतील तापमान पन्नास अंशांपर्यंत जाऊ शकते. बुचे वर येतात, वाईन गळते व चव शिजल्यासारखी होते. शीत कंटेनर घ्यावा किंवा निदान उष्णतारोधक अस्तर लावावे. पांढऱ्या वाईनला फिरकीचे झाकण सोयीचे पडते. माल शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात रवाना करावा. कंटेनर पूर्ण भरत नसल्यास शेजारच्या वाईनरीचा माल सोबत घ्यावा.

प्रसिद्धी : नाशिकच्या बागेत येऊन गेलेला परदेशी पाहुणा हा सर्वांत स्वस्त व विश्वासू प्रचारक असतो. त्याच्या देशात आपली बाटली कोठे मिळते, हे लिहिलेला कागद त्याला निघताना द्यावा. आयातदारास व वाईनवर लिहिणाऱ्यांस तोडणीच्या दिवसांत मुक्कामास बोलवावे. येथे रिसॉर्ट व निर्यात या दोन पायऱ्या एकमेकींस आधार देतात.

कोणी कोठे थांबावे

दोन-चार एकर बाग व मर्यादित भांडवल असणाऱ्यांनी चांगल्या वाईनरीशी लेखी करार करून उत्तम द्राक्ष पिकवावे. सर्व क्षेत्र वाईनखाली न आणता निम्मे तरी खाण्याच्या जातींखाली ठेवावे. रस्त्यालगत, जलाशयाजवळ किंवा मोठ्या वाईनरीच्या शेजारी जमीन असणाऱ्यांना स्वतः वाईन न करताही बागेतील मुक्काम व जेवण यांवर उत्पन्न मिळू शकते. दहा-पंधरा एकर बाग, तज्ज्ञ वाईन निर्माता व पाच-सात वर्षे धीर धरण्याची तयारी असेल, तरच वाईनरी काढावी. निर्यातीसाठी गटच करावा. महाग्रेप्सने खाण्याच्या द्राक्षात जे एकत्र येऊन साधले, ते वाईनमध्ये एकट्याने साधण्याचा हट्ट धरू नये.

लक्षात ठेवावयाच्या बाबी

१) लेखी करार अथवा स्वतःची टाकी असल्याशिवाय वाईनची जात लावू नये.
२) एकरी तीन-चार टनांवर थांबावे. वजन नव्हे, रस विकावयाचा आहे.
३) गोडीबरोबर सामू व आम्लता तपासूनच तोडणी करावी.
४) टेस्टिंग रूम दोन हंगाम चालवून मगच खोल्या बांधाव्यात.
५) उन्हाळ्यातील पाणी मोजून खोल्यांची संख्या ठरवावी.
६) आंबवणीच्या वायूबाबत मजुरांना व पाहुण्यांना आधीच सावध करावे.
७) नमुना व कंटेनर यांतील वाईन एकच असावी.
८) परदेशी मागणीवर विसंबून कर्ज काढू नये. कर्जाचा हप्ता बागेतील विक्रीतून निघतो का, हे आधी पाहावे.

वाईनची वेल तिसऱ्या वर्षी पहिले पीक देते, पण तिची खरी प्रत दिसण्यास त्याहून अधिक काळ लागतो. रिसॉर्टचेही तसेच आहे. ज्या बागायतदारांनी प्रत्येक पायरीवर पाय पक्का रोवून पुढची पायरी चढली, त्यांच्या बागा मंदीच्या वर्षांतही उभ्या राहिल्या. नवीन लागवड करणाऱ्यांनी येत्या छाटणीपूर्वी शेजारच्या दोन वाईनबागांना भेट द्यावी, त्यांच्या मालकांना २००९ व २०१० सालांविषयी विचारावे आणि मग आपला आराखडा कागदावर मांडावा.